‘दहापट बॅटरी’ची रील आणि टिनचे धागे

“दहापट चालणारी बॅटरी येतेय म्हणे. फोन आत्ता घेऊ की थांबू?” गेल्या आठवड्यात मावसभावाने एक रील पाठवून विचारलं. रीलमध्ये काळ्या कापडाचा तुकडा होता. तसं कापड खरंच बनतं. पण दहापटीचा हिशोब अर्धाच सांगितला होता.

दहापट येते कुठून?

चार्जिंग करताना लिथियम बॅटरीच्या ॲनोडमध्ये जाऊन बसतं. ॲनोड बहुतेक वेळा ग्रॅफाइटचा असतो. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ एमएएच मावतात. टिनमध्ये सुमारे ९९०, सिलिकॉनमध्ये ३,५०० च्या वर. झाली दहापट! पण लिथियम शिरलं की हे दोन्ही फुगून साडेतीनपटीहून मोठे होतात आणि डिस्चार्ज होताना आकसतात. रोज असं झालं की कण फुटतात, क्षमता घटते.

धागा काय करतो?

स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीत जो मुख्य पॉलिमर असतो, त्याच्या द्रावणात टिनचा क्षार मिसळतात. सुईला हजारो व्होल्टची वीज जोडली की द्रावण ताणलं जाऊन जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू निघतात, आपल्या केसाहून शेकडोपट बारीक. ते आधी हवेत शेकतात, म्हणजे पुढे वितळत नाहीत. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत तापवतात. पॉलिमरचा कार्बन होतो, आकार मात्र धाग्याचाच राहतो आणि टिनचे कण आत अडकतात. हा कार्बन वीज वाहून नेतो आणि फुगणाऱ्या कणांना धरून ठेवतो.

मग दुकानात का नाही?

एक, दहापट फक्त ॲनोडच्या पदार्थाची. बॅटरीतलं बाकी सामान तेवढंच राहतं. सोनीने २००५ मध्ये टिन-कोबाल्ट-कार्बनची ‘नेक्सेलियन’ बॅटरी आणली, तेव्हा तेवढ्याच जागेत वाढ मिळाली सुमारे ३० टक्के.

दोन, धाग्यांच्या कापडात पोकळी फार, आणि फोनमध्ये जागा मोजून.

तीन, एका सुईतून तासाभरात ग्रॅमभर माल निघतानाही मारामार.

म्हणून फोनमध्ये आधी पोचली ती सिलिकॉन-कार्बनची पावडर. २०२३ च्या ऑनर मॅजिक ५ प्रोमध्ये जगभरासाठी ५,१०० एमएएचची बॅटरी होती, तर चीनमधल्या सिलिकॉन-कार्बनवाल्या मॉडेलमध्ये ५,४५०. फरक ७ टक्क्यांचा.

तरी मला ही शर्यत महत्त्वाची वाटते. बॅटरीच्या ग्रॅफाइटवर चीनची पकड आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याच्या निर्यातीला तिथल्या सरकारचा परवाना लागतो. ग्रॅफाइट जितकं कमी लागेल, तितकी ती पकड सैल होईल.

भावाला सांगितलं, थांबू नकोस. पुढची रील आली की तीन गोष्टी विचार: दहापट नेमकं कशाच्या? किती चार्जिंगनंतर? आणि माल ग्रॅममध्ये बनतोय की टनांत?