दोन हात, एक रकाना

मी स्वभावाने भांडखोर नाही, असे माझे मत आहे. आमच्या हिचे मत निराळे आहे आणि दूधवाल्याचे हिच्यासारखेच. पण त्याला कारण मी नसून आमचे कालनिर्णय आहे.

आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयात असतो. सकाळी ही तारखेखाली 'दीड' लिहायची. रात्री घरी आलो की मी कर्तव्यबुद्धीने त्याचे 'एक' करायचो, कारण रोज एकच लिटर येते हे मला पक्के ठाऊक! महिनाअखेर आकडा जुळेना. मी दूधवाल्याला चोर ठरवले. त्याने शांतपणे आपली मळकी वही काढली आणि म्हणाला, "साहेब, वहिनींनी बारा वेळा अर्धा लिटर जास्त घेतलंय. तुमच्या घरात लिहितं कोण, ते आधी ठरवा."

हा प्रश्न आमच्या ऑफिसात कोणी विचारत नाही, एवढेच माझे भांडण आहे.

ऑफिस डेटाचे आहे. डेटा वेअरहाउस म्हणजे सगळ्या खात्यांची माहिती एकत्र साठवण्याचे कोठार. त्यातले टेबल जेवायचे नव्हे, रकान्यांचा तक्ता. आणि पाइपलाइन म्हणजे रात्री ठरल्या वेळी धावून त्या तक्त्यात आकडे भरणारा प्रोग्रॅम. आता एकाच टेबलात दोन पाइपलाइनी लिहू लागल्या की काय होते? दोघीही जुने पुसून नवे लिहिणाऱ्या असल्या, तर शेवटी येईल तिचे खरे. दोघीही नुसती भर घालणाऱ्या असल्या, तर विक्री एका रात्रीत दुप्पट होते आणि विक्रीखाते पेढे वाटते. गंमत म्हणजे सकाळी दोघींच्याही नावापुढे हिरवी खूण! आपापल्या परीने दोघी पास. फक्त आकडा खोटा.

यावर जाणकार म्हणतात, "हल्ली कोठारंच शहाणी झालीत, ती टक्कर होऊ देत नाहीत." साफ चूक. डेल्टा लेक काय, आइसबर्ग काय, ही मंडळी सांभाळतात ते दोघे एकाच वेळी येऊन धडकले तर. एक तीनला आली आणि दुसरी चारला, तर दोघींचे आगतस्वागत सारखेच. डीबीटी नावाचे हत्यार एकाच प्रोजेक्टातली दोन मॉडेल्स एका टेबलावर बसू पाहत असली तर दारातच अडवते, हे कबूल. पण दुसरी पाइपलाइन शेजारच्या खात्यातल्या कुणा बहाद्दराने भलत्याच ठिकाणी लिहून ठेवली असेल, तर ती त्याला दिसणार कशी?

मग शोधायचे कसे? दूधवाल्याची वही बघून! स्नोफ्लेकमध्ये ॲक्सेस हिस्टरी असते. कोणत्या हुकमाने कोणते टेबल बदलले, ते तिच्यात नोंदलेले असते. बिगक्वेरीतही कोणते काम कुठे लिहून गेले, त्याची नोंद मिळते. टेबलागणिक गठ्ठे बांधा, प्रत्येकात निरनिराळे लिहिणारे किती ते मोजा, आणि एकाहून जास्त निघतील तिथे जाऊन उभे राहा. त्यात काही निरपराधही सापडतात. एकजण पुण्याच्या ओळी लिहितो, दुसरा नागपूरच्या; कोणी चुकलेला महिना पुन्हा भरत असतो. त्यांना चहा पाजून सोडून द्यावे.

पण आमच्याकडे वही उघडावी, तर प्रत्येक ओळीपुढे नाव एकच! सगळ्या पाइपलाइनींना मिळून एकच सर्व्हिस अकाउंट. म्हणजे चाळीतल्या बावीस बिऱ्हाडांना एकच किल्ली द्यायची आणि मग चोर कोण म्हणून मीटिंग बोलवायची. "प्रत्येकीला वेगळं खातं द्या हो," असे मी तीनदा लिहून दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच : "चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

चालतंय! आमचे कालनिर्णयही चालतच होते.

मागे एकदा शिल्लक मालाचा आकडा सलग तीन दिवस चुकला. ते टेबल भरायचे काम माझ्या हाताखालच्या एका नव्या मुलीकडे होते. ती म्हणत राहिली, "सर, मी रात्री तपासलं होतं. तेव्हा बरोबर होतं." मी ज्येष्ठतेला शोभेलसा हसलो आणि तिच्या वार्षिक अहवालात 'काम काळजीपूर्वक करीत नाही' असे लिहून मोकळा झालो.

महिन्याने, नावावरून काही कळेना म्हणून, मी त्या टेबलावरच्या हुकमांचा मजकूरच ओळीने वाचत बसलो. तिचा हुकूम तीनचा. रोज चार वाजता दुसराच एक, केव्हाच बंद झाला असे सगळे समजत होते तो. त्याच्या डोक्यावर एक टीप होती आणि टिपेत 'तात्पुरते' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून लिहिला होता. ती चूक मी ओळखतो. शाळेपासून माझी आहे.

मुलीने तोवर राजीनामा दिला होता. निदान अहवाल तरी दुरुस्त करावा म्हणून मी कार्मिक खात्यात गेलो. तिथल्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.

"नाही होणार सर. एकदा लिहिलं की त्या रकान्यात दुसऱ्यांदा कुणालाच लिहिता येत नाही. मोठी कडक व्यवस्था आहे आपली."