ओझरची थंडी, गाडीचा गार हीटर आणि मे महिन्यात केलेली चूक

डिसेंबर उजाडला की नाशिक जिल्ह्याच्या बातमीत दोन नावं हमखास येतात. एक निफाडजवळचं कुंदेवाडी, जिथे गहू संशोधन केंद्र आहे, आणि दुसरं ओझरचं एचएएल. दोन्हीकडे तापमानाची नोंद होते आणि पारा पाच अंशांच्या खाली गेला की त्या आकड्याचे स्क्रीनशॉट दिवसभर स्टेटसवर फिरतात. कुणी शेकोटीचा फोटो टाकतो, कुणी द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या धुराचा. उत्तरेकडून येणारं कोरडं वारं, रात्री निरभ्र आकाश आणि गोदाकाठचा सखल भाग, या तिन्हींमुळे जमीन रात्रीत पटकन उष्णता सोडते आणि गार हवा तिथेच बसून राहते. बातमी इथे संपते. पण त्याच सकाळी मुंबई-आग्रा महामार्गावर अजून एक गोष्ट घडत असते: वर्षभर न वापरलेलं लाल रंगाचं बटण लोक पहिल्यांदा फिरवतात, आणि आतून गार वारा येतो.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. तो ओझरला राहतो, आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेस पकडायला नाशिकरोडला जातो. पहाटेच्या अंधारात निघायचं, काचेवर आतून वाफ धरलेली, एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं. हीटर फुल्ल, पंखा चार नंबरवर, हवा मात्र गारच. त्याने मला व्हॉइस मेसेज टाकला, "एसी गॅस संपला असेल का रे?"

नाही. आणि हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की आधी तोच काढून टाकू. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीतल्या हीटरचा एसीच्या गॅसशी संबंध नसतो. तिथे वेगळी शेगडी नसतेच. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा नुसती उष्णता बनून कूलंटमध्ये जाते. हे तापलेलं कूलंट रेडिएटरकडे जातं, तसंच त्याचा एक फाटा डॅशबोर्डमागे ठेवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये येतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि तुम्हाला ऊब मिळते. म्हणजे गाडीचा हीटर फुकटच्या उष्णतेवर चालतो. (ओझरला बनणाऱ्या लढाऊ विमानांच्या कॉकपिटमधली ऊबही इंजिनातल्या तापलेल्या हवेतूनच घेतलेली असते. तत्त्व तेच.)

म्हणूनच हीटर गार पडला तर ती फक्त सोयीची अडचण नसते. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत कुठेतरी गडबड असू शकते, आणि तीच यंत्रणा मे महिन्यात कसारा घाटात तुमची गाडी वाचवणार असते.

फोनवर दिसलेला आकडा

जुन्या गाड्यांत तापमानाचा काटा असायचा. आता बऱ्याच गाड्यांत काटा गेला आणि दोन दिवे उरले: इंजिन गार असेल तर निळा, फार तापलं तर लाल. मधलं काहीच कळत नाही. इथे फोन कामाला येतो. स्टेअरिंगखाली ओबीडी नावाचा सॉकेट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतो, आणि एखादं फुकट ॲप टाकलं की कूलंटचं तापमान स्क्रीनवर दिसायला लागतं.

भावाला तो लावायला सांगितला. ओझरहून निघून आडगाव आलं तरी आकडा ५८ च्या पुढे जाईना. द्वारकेच्या सिग्नलला थांबला तर ७० झाला, पुढे गाडी पळवली की परत खाली. निळा दिवाही बराच वेळ विझत नव्हता, ज्याकडे त्याने "थंडी आहे म्हणून असेल" असं म्हणून दुर्लक्ष केलं होतं.

निरोगी इंजिन दहा-पंधरा मिनिटांत ८५ ते १०० च्या आसपास येतं आणि तिथेच टिकतं. ते टिकवण्याचं काम थर्मोस्टॅट करतो. हा मेणावर चालणारा छोटासा वॉल्व्ह आहे. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो, साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तो उघडाच अडकला तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये गार होत राहतं. गाडी पळताना समोरून वारा लागतो म्हणून तापमान अजून पडतं, थांबली की चढतं. भावाच्या फोनवर नेमकं हेच दिसत होतं. अनेक गाड्या अशा वेळी पी ०१२८ हा कोडही नोंदवतात.

पण त्याचा थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता. तो गाडीत नव्हताच!

मे महिन्यात गाडी तापली होती तेव्हा एका गॅरेजवाल्याने तो काढून टाकला होता. "आपल्याकडं एवढ्या गरमीत त्याची गरज नाय," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्याकडे हा उपाय वर्षानुवर्षं चालत आलाय आणि माझ्या मते मेकॅनिकच्या सल्ल्यांपैकी सगळ्यात महाग पडणारा हाच. गाडी का तापते (गळती, मंद पंप, बंद पंखा, चोंदलेला रेडिएटर) हे शोधायचं राहून जातं. इंजिन कायम गार चालतं, त्यामुळे ईसीयू जास्त इंधन टाकत राहतो, मायलेज घसरतं, ऑइलमधली ओल उडून जात नाही. मे ते नोव्हेंबर हे कुणाला कळत नाही. डिसेंबरात हीटर सांगतो.

तुमच्या गाडीत काय असू शकेल

आधी सोपं बघा. वाराच येत नसेल तर ब्लोअर, त्याचा फ्यूज किंवा चोंदलेला केबिन फिल्टर. वारा येतो पण गार, तर सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. पातळी कमी असेल तर हीटर कोअरपर्यंत कूलंट पोचतच नाही. गाडी पळताना ऊब आणि सिग्नलला गार, हे याच दुखण्याचं किंवा आत हवा अडकल्याचं लक्षण. कूलंट भरल्यावर पुन्हा आठवड्यात कमी झालं तर गळती शोधायलाच हवी. डाव्या सीटखालचं मॅट ओलं, गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर असेल तर हीटर कोअरच गळतोय.

पातळी नीट असेल तर मेकॅनिकला हीटरकडे जाणारे दोन होज पाइप तपासायला सांगा. दोन्ही गरम असतील तर कूलंटची बाजू ठीक आहे, दोष डॅशबोर्डमधल्या फ्लॅपमध्ये. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत हा फ्लॅप नॉबला जोडलेल्या केबलवर चालतो आणि ती केबल निसटते. काम किरकोळ असतं. एक पाइप गरम आणि एक गार असेल तर बहुतेक कोअर चोंदलाय.

तो का चोंदतो हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. बोअरच्या पाण्यातले क्षार ड्रिपरमध्ये बसतात म्हणून ते ड्रिपला ॲसिड सोडतात. आणि तेच लोक, आमच्या घरचेही, रेडिएटरमध्ये मात्र बोअरचंच पाणी ओततात! हीटर कोअरच्या नळ्या रेडिएटरपेक्षाही बारीक असतात. वर गळती थांबवायला हळद टाकायची जुनी युक्ती आता रील्समध्ये "देसी जुगाड" म्हणून परत आलीय. हळद गळक्या भोकात बसते तशी या नळ्यांतही बसते. बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलेलं कूलंट तसंच ओता. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, साधारण निम्मं-निम्मं. रंग जुळला म्हणून वेगळ्या प्रकारचं कूलंट मिसळू नका, रंगाचं प्रमाण सगळ्या कंपन्यांत एक नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर अजून एक शक्यता. टाकीतला सुमारे २०० बारचा गॅस दाब कमी होताना प्रचंड गार होतो, म्हणून त्याच्या रेड्यूसरला गरम कूलंट द्यावं लागतं. ते बहुतेक वेळा हीटरच्याच पाइपातून टी मारून घेतात. जोडणी नीट नसेल किंवा नंतर हवा काढली नसेल तर ऊब रेड्यूसरला जाते आणि तुम्हाला उरतं वारं. किट बसवल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात हीटर गेला असेल तर फिटरकडे आधी जा.

इलेक्ट्रिक गाडीत हा सगळा हिशोब उलटा होतो. तिथे फुकटची उष्णता फारशी नसते, म्हणून हीटर बॅटरीवर चालतो आणि रेंज खातो. चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून केबिन गरम करून घेतली तर ती वीज बॅटरीतून जात नाही. पेट्रोल-डिझेल गाडी मात्र बंद गॅरेजमध्ये चालू ठेवून गरम करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो.

काचेचं सांगायचं राहिलं. वाफ धरली तर रीसर्क्युलेशन बंद करा, हवा काचेकडे वळवा आणि हीटरसोबत एसीही लावा. एसी हवेतली ओल काढतो. उन्हाळ्यापासून दाबून ठेवलेलं रीसर्क्युलेशनचं बटण आपल्याच श्वासाची वाफ आत फिरवत राहतं.

भावाने दुसऱ्या गॅरेजमध्ये नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला. तिथे आधी मे महिन्यातल्या तापण्याचं कारण विचारलं, ते निघालं रेडिएटरच्या पंख्याचा रिले. पुढच्या खेपेला आडगावच्या आधीच स्क्रीनवर ८८ आलं. जुना थर्मोस्टॅट ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदात गुंडाळलेला सापडला.