बूट हातात घेणारी यादविगा

मुलांनो, ड्यूकची बायको म्हटलं की रेशमी झगे नि मेजवान्या डोळ्यांपुढे येतात ना? पोलंडमधल्या सायलेशियाची यादविगा मात्र अनवाणी हिंडायची! बूट घालायची आज्ञा झाली, तर बाईंनी ते बगलेत मारले, अशी गोष्ट सांगतात. १३५३ सालच्या एका हस्तलिखितातल्या चित्रात ती तशीच उभी आहे, बूट हातात घेऊन.

जर्मनीतल्या आंदेक्सची ही मुलगी साधारण बाराव्या वर्षी लग्न होऊन आली. म्हणजे सहावी-सातवीतली पोर! नवरा हेन्री. १२०२ साली त्यांनी त्शेबनित्सा इथं ख्रिस्ती जोगिणींचा मठ उभारला.

१२२९ साली माझोव्हियाच्या कॉनराडनं हेन्रीला पकडून कैदेत टाकलं. मुलगा सैन्य जमवू लागला. त्याला थांबवून यादविगा स्वतःच प्वोत्स्कला, शत्रूच्या दारी गेली, असं तिच्या चरित्रात सांगितलंय. हेन्री सुटला. पुढे तिच्या दोन नाती कॉनराडच्याच घरात सुना म्हणून गेल्या. त्या पोरींना कुणी विचारलं असेल? मला नाही वाटत. तेव्हा राजघराण्यांत भांडणं मिटायची ती अशीच, मुली देऊन.

१२४१ साली लेग्नित्साला मंगोलांशी लढताना तिचा तोच मुलगा पडला. धडाला शिर नव्हतं. डाव्या पायाला सहा बोटं होती, त्यावरून म्हणे त्याच्या बायकोनं त्याला ओळखलं.