जुनी गाडी भंगारात घालण्याआधी

सध्या गावोगाव एक हाकाटी उठली आहे. पंधरा वर्षं झालेली गाडी सरकार उचलून नेणार, तेव्हा मिळेल त्या भावात आत्ताच फुंकून टाका. पारावर, दूध डेअरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर हाच विषय. आणि गंमत अशी की ही चर्चा रंगली की चार दिवसांत भंगाराचा टेम्पो गावात हजर होतो. वडिलांनी हौसेनं घेतलेली जीप, आजोबांची फियाट, गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून ठेवलेली अँबॅसेडर किलोवर जाते. नंतर नियम कळतो, तोवर गाडीचे पत्रे निघालेले असतात.

म्हणून आधी नियम सांगतो. स्वतःच्या वापराच्या गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते. ती संपली म्हणजे गाडी संपली असं नव्हे. आर.टी.ओ.त गाडी तपासून घ्यायची, योग्य ठरली की पुढं पाच पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी चालवायची नाही हे बंधन निघालं ते दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. ट्रॅक्टरबद्दलही दहा वर्षांत सक्तीनं मोडीत काढणार अशी आवई उठली होती. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२३ साली खुलासा करून ती साफ खोटी असल्याचं सांगितलं. ट्रॅक्टरलाही पंधरा वर्षं आणि पुढं पाच पाच वर्षं हाच हिशेब आहे. खरी सक्ती झाली ती सरकारी मालकीच्या गाड्यांवर. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद झाली. लोकांनी कचेरीच्या आवारातून जीपा जाताना पाहिल्या आणि आता आपला नंबर, असा अर्थ काढला.

आता दुसरी बाजू. नोंदणी वाढवायचा खर्च मात्र सरकारनं चांगलाच चढवला आहे. पूर्वी मोटारीला ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा नवं पत्रक निघालं आणि वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीला १०,००० रुपये झाले, मोटारसायकलला २,०००. पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणजे वर्षभर विसरलात की सहा हजार अंगावर. वर्षातून चार वेळा देवाला आणि दोन वेळा लग्नाला जाणाऱ्या गाडीसाठी हा बोजा लहान नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीपेक्षा वीस वर्षांवरच्या गाडीला दुप्पट फी, यामागचा तर्क काय? हे सरळ दंडच म्हणायचे. चाळीस वर्षांची पण इंजिन बांधलेली, ब्रेक नवे केलेली जीप वर्षाला हजार किलोमीटर चालते. बारा वर्षांची, कधी फिल्टरही न बदललेली गाडी रोज दीडशे किलोमीटर पळते. हवा कोण जास्त खराब करतं? गाडीचं वय बघण्यापेक्षा तिचा धूर आणि ब्रेक बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

या गाड्यांचा आणि शेतीचा संबंध तरी काय, असं कोणी विचारेल. चांगला जवळचा आहे. महिंद्रनं मुंबईला विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती १९४९ च्या सुमाराला. लष्करासाठी जन्मलेली ही गाडी आपल्याकडं रुळली ती बांधावर. जिथं बैलगाडीचं चाक रुततं तिथून जीप निघते, हे बागायतदारांनी पटकन ओळखलं. पुढं महिंद्र डिझेल जीपमध्ये जे इंजिन आलं ते इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच अवतार. म्हणून तर आजही ट्रॅक्टरचा मिस्त्री जीप उघडायला घाबरत नाही. फियाटचं म्हणाल तर कुर्ल्याला तिचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, तिथला साखर कारखाना हेही त्यांचंच काम. प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्यांनी १९४४ साली स्थापन केली. तिथं तयार झालेली फियाट पुढं पद्मिनी झाली. मुंबईतली तिची शेवटची नोंदलेली काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली तेव्हा शहरात बरंच हळहळणं झालं. पण त्याच जातीच्या खासगी गाड्या आपल्याकडं तालुक्याच्या गावी अजून चालू आहेत, त्यांची कुणी बातमी करत नाही. आणि अँबॅसेडर तर साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी. ती दारात थांबली की उसाला तोड मिळणार असा समज होता! तिचं उत्पादन २०१४ साली थांबलं.

माझ्या फिरतीच्या भागात अशा गाड्या जपणारे बरेच लोक आहेत. एक निवृत्त शिक्षक दर रविवारी फियाटचं बॉनेट उघडतात. पॉइंट घासतात, प्लग पुसतात, पाणी बघतात, आणि पत्नीला घेऊन पाच मैलांवरच्या देवळापर्यंत जाऊन येतात. हँडलवरचा गिअर टाकताना त्यांचा चेहरा बघावा. खंडेनवमीला नांगर, कोयता, मोटरपंप यांच्या ओळीत ती गाडीही झेंडूचा हार घालून उभी असते. यात श्रीमंती नाही. मुंबई-पुण्याच्या रॅलीत मिरवणाऱ्या संस्थानिकांच्या गाड्या निराळ्या आणि या निराळ्या.

पण जपणं म्हणजे नुसतं झाकून ठेवणं नव्हे, आणि इथं आपलं शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त चुकतं. जागा असते म्हणून गाडी खताच्या गोदामात उभी करतात. युरिया, डीएपी, पोटॅश ही सगळी ओल धरणारी खतं. ओलसर खताची पूड पत्र्याला लागली की गंज धरलाच म्हणून समजा, आणि तो खालून, फ्लोअरकडून खातो, वरून दिसत नाही. दुसरी जागा गोठ्याची भिंत. गोमूत्रातून उठणारा अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी आहे. रेडिएटर, वायरचे जोड, कार्बोरेटरचे पितळी भाग यांना तो काळं-हिरवं करून टाकतो. तिसरं, वैरणीच्या खोलीत गाडी ठेवली की उंदीर वायरिंग कुरतडणार, आणि बॅटरीची वायर उघडी पडली तर कडब्यासकट गाडी पेटेल. महिनाभर हलणार नसेल तर बॅटरीची एक वायर सोडून ठेवा. हे काम दोन मिनिटांचं आहे.

आता पेट्रोलचा प्रश्न, आणि तो उसाशी जोडलेला आहे. देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. आपल्या उसाला त्यातून चार पैसे मिळतात, तेव्हा इथेनॉलला नावं ठेवण्याचं मला कारण नाही. पण जुनी कार्बोरेटरची गाडी या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही हेही खरं. तिचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, वॉशर इथेनॉलनं फुगतात, चिरतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सुटून जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकी अर्धवट भरून गाडी तीन महिने उभी ठेवली की पाणी तळाला उतरतं आणि टाकी आतून गंजते. मग गाडी सुरू होईना म्हणून धक्के मारत बसायचं आणि म्हणायचं, जुनी झाली. यावर उपाय महाग नाही. इथेनॉल सहन करणारे पाइप आता मिळतात, ते एकदा बदलून घ्यावेत. लागेल तेवढंच पेट्रोल भरावं, फिरवून संपवावं. पाइपला हात लावून ओल लागते का, वास येतो का, हे दर आठवड्याला बघावं, कारण गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन एकत्र आलं की काय होतं ते सांगायला नको. जाता जाता सांगतो, पेट्रोलवरच्या फवारणी पंपाचं दुखणंही हेच. हंगाम संपला की त्याची टाकी रिकामी करून ठेवा.

डिझेल जीपवाल्यांना हा त्रास नाही. त्यांचं दुखणं धुळीचं. ऑईलचा एअर क्लीनर असेल तर वाटीतलं ऑईल मातकट झालं की बदलायचं, ट्रॅक्टरला करतो तसंच. काळा धूर येत असेल तर पंप आणि नोझल तपासून घ्या. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे.

आणि ब्रेक. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बऱ्याच जुन्या जीप आणि मोटारींना चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि ऑईलचा एकच मार्ग असतो. एका चाकाचं रबर फाटून ऑईल गळालं की चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागची हलवू नका, आधी मिस्त्रीला बोलवा. ब्रेक ऑईलही हवेतली ओल घेतं, दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे. हँडब्रेकऐवजी चाकाला दगड लावून उभ्या केलेल्या जीपा मी पाहतो, तिथं मला हौस दिसत नाही. अशाच जीपमधून पंधरा-पंधरा मजूर बायका खुरपणीला नेतात, लग्नात वऱ्हाड नेतात. कागद संपलेले, विमा नाही. त्या गाडीला अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाच्या डोक्यावर येते आणि ती फेडायला जमीन विकावी लागते. जुन्या गाडीची बाजू घेऊन मी लिहितो आहे, पण या जीपांची बाजू मी घेणार नाही. त्या बंदच व्हायला हव्यात.

सरकारनं जुन्या गाड्यांसाठी काहीच केलं नाही असंही नाही. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचा नियम आला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर वेगळी नोंदणी होते, नंबरात व्ही.ए. ही अक्षरं येतात, दहा वर्षांसाठी २०,००० रुपये आणि पुढच्या वेळी ५,०००. पण अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येणार. ज्याच्याकडं चार गाड्या आहेत त्याला हे ठीक. आपल्या शेतकऱ्याची जीप चाळीस वर्षांची असली तर पन्नासात बसत नाही, आणि बसली तरी त्याला ती घेऊन बाजाराला जायचंय. म्हणजे वीस ते पन्नास वर्षांच्या मधल्या गाडीला फक्त वाढती फी, दुसरं काही नाही. या मधल्या गाड्यांसाठी कमी वापराचा एक वर्ग करावा. वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा घालावी, दरवर्षी ब्रेक आणि धुराची कडक तपासणी करावी, आणि फी आवाक्यात ठेवावी. तपासणीची शिबिरं तालुक्याला घ्यावीत. जिल्ह्याच्या गावाला पन्नास-साठ किलोमीटर जुनी गाडी नेणं हाच अर्ध्या लोकांना डोंगर वाटतो, आणि मग ते कागद सोडून देतात.

ज्यांना खरंच गाडी काढायची आहे त्यांनी तरी नीट काढावी. भंगाराच्या टेम्पोवाल्याला किल्ली आणि आर.सी. बुक देऊन मोकळं होऊ नका. गाडी मोडली तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी नाव तुमचंच राहतं. तिचा नंबर किंवा चेसिस कुठं दुसरीकडं वापरली गेली तर पोलीस तुमच्या दारी येणार. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं चौदा दिवसांत कळवायचं असतं, असं कायदा सांगतो. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर तसं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलतही मिळू शकते.

राहता राहिला मिस्त्रीचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यात अवघड वाटतो. सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आहे, पुण्याचा जुना बाजार आहे, आणि आपला लेथवाला बुश, पिन बनवून देतोच. पण कानानं टायमिंग ओळखणारे, पत्त्याच्या जाडीवर पॉइंटचं अंतर लावणारे मिस्त्री आता साठीच्या पुढं गेले. त्यांची मुलं गॅरेजमध्ये येत नाहीत, आली तर त्यांना मशीन लावून दोष बघायची सवय. जुन्या गाडीला ते मशीन लावायची जागाच नाही. आयटीआयच्या मेकॅनिकच्या मुलांना वर्षातून पंधरा दिवस या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली बसवलं तर कार्बोरेटरपासून डायनामोपर्यंत सगळं हातानं खोलून बघायला मिळेल. मिस्त्रींना त्याचं मानधन द्यावं, रक्कम फार लागणार नाही. आपल्या प्रत्येक तालुक्यात असे दोन-तीन तरी मिस्त्री आज आहेत. आणखी पाच-सात वर्षांनी किती असतील ते त्यांच्या वयावरून ज्यानं त्यानं मोजावं.