पिकअपचे शॉकअप बदलताना
पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली पिकअप खड्ड्यात आदळते, तेव्हा वजन पेलतात ते मागचे पाटे. नंतरची उसळी आवरतो तो शॉकअप. त्यातले तेल बारीक झडपांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. खराब रस्त्यावर सतत धक्के बसले, की साध्या शॉकअपमधले तेल तापून फेसाळते आणि चाक रस्ता सोडू लागते. गॅस शॉकअपमध्ये दाबाने भरलेला नायट्रोजन हा फेस आटोक्यात ठेवतो. त्यासाठी जादा पैसे मोजणे योग्यच. मात्र त्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. मालकांनी शॉकअप जोडीनेच बदलावेत, आणि भार नोंदणीपुस्तकातल्या मर्यादेतच ठेवावा.