फुकट आहे, पण बेवारस नाही

गेल्या महिन्यात वस्तीतील पाच-सहा तरुण मुले आमच्या घरी आली. त्यांचे म्हणणे असे की, पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र राहायचे तर माणशी हजार-बाराशे रुपये मागतात. शनिवार-रविवारी त्याहूनही जास्त. चार माणसांच्या कुटुंबाने जायचे म्हटले तर महिन्याचा किराणा एका रात्रीत संपायचा. मग सरकारी जंगलात आपली ताडपत्री बांधून फुकट मुक्काम केला तर काय बिघडले? संडास नको, लाईट नको, गाणी लावणारा डबा नको. जंगल सरकारचे, म्हणजे आपल्या सर्वांचेच ना?

प्रश्न साधा होता, पण आम्हाला त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. कारण याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर आम्ही स्वतः एकदा आंदर मावळात जाऊन देऊन आलो आहोत. तीच हकिगत आधी सांगतो.

पुणे-लोणावळा लोकलने कान्हे स्टेशनला उतरले की टाकवे बुद्रुकचा रस्ता लागतो. पुढे वडेश्वर, त्याच्याही पुढे खांडी, आणि मग सह्याद्रीची कड. तेथून कुसूर घाटाची जुनी वाट खाली कर्जतच्या अंगाला उतरते. हे सारे आंद्रा नदीचे खोरे. याच खोऱ्यात टाटांचे ठोकळवाडी धरण आहे. त्याचे पाणी कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरात जाते, आणि तेथली वीज १९२२ सालापासून मुंबईला मिळू लागली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरण्यांत राबले. त्या गिरण्या ज्या विजेवर चालल्या, तिच्यात या खोऱ्याच्या पाण्याचाही वाटा होता. खोऱ्यातील लोकांच्या जमिनी मात्र पाण्याखाली गेल्या. डोंगराच्या कडेला आजही ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांचे पाडे आहेत.

आमच्या त्या मुक्कामाला आता बारा-तेरा वर्षे झाली. मंडळाची आम्ही चौदा माणसे होतो, त्यात बायका आणि मुलेही होती. वडेश्वरच्या पुढे पायी चालत गेलो, डोंगराच्या पायथ्याला एक मोठे आंब्याचे झाड दिसले, तेथेच पथारी टाकली. कोणाची जागा, कोणाला विचारायचे, हा विचारही मनात आला नाही. थंडी होती. मुलांनी रानातून वाळकी लाकडे ओढून आणली आणि छातीएवढा ढीग रचला. रात्री अकरा वाजेपर्यंत शेकोटी भडकत होती. गाणी झाली, नकला झाल्या. आमची धाकटी मुलगी पहिल्यांदाच इतके तारे पाहून, "बाबा, हे रोज असतात का?" असे विचारू लागली. चाळीतल्या मुलीचा हा प्रश्न आम्ही अजून विसरलेलो नाही.

सकाळी पाड्यावरची एक म्हातारी कातकरी बाई आली. डोक्यावर चुंबळ, हातात कोयती आणि दोर. राखेच्या ढिगाकडे तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्यात माज्या चुलीचं आठ दिसाचं सरपण व्हतं, बाबा." जरा थांबून तिने विचारले, "आमी वाळकी काटकी उचलली तरी कुनी ना कुनी हटकतंय. तुमाला न्हाय का कुनी काय बोललं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. आणि आम्हा चौदा जणांत, दोन पदवीधर आणि एक कारकून असूनही, तिला उत्तर देणारे कोणी नव्हते.

तेव्हापासून आम्ही कायदा पाहू लागलो. कारकुनाला दुसरे काय येते? १९२७ साली इंग्रज सरकारने भारतीय वन अधिनियम केला. त्याच वर्षी मार्च महिन्यात बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले होते. हा वन कायदा आजही लागू आहे. त्याच्या २६व्या कलमाप्रमाणे राखीव वनात परवानगीवाचून शिरणे, विस्तव पेटविणे, झाड तोडणे याला मनाई आहे. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागू होतो, आणि तेथे प्रवेशालाच परवाना लागतो. म्हणजे सरकारी जंगलात वाटेल तेथे ताडपत्री बांधण्याचा हक्क आपल्याकडे कोणालाही नाही. मुलांच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर इतके सरळ आहे.

पण कायद्याच्या मागेही एक गोष्ट आहे. जंगल हे मुळात गोरगरिबांचेच होते. गुरे चारायची, सरपण आणायचे, कंदमुळे आणि मध काढायचा, यावर माणसे जगत होती. इंग्रजांच्या जंगलखात्याने डोंगर आणि कुरणे ताब्यात घेतली. तेव्हा गरीब शेतकऱ्याची गुरे कोठे चरणार, हा सवाल महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये केला होता. पुढे सव्वाशे वर्षांनी, २००६ साली, वनहक्क कायदा आला आणि जंगलात राहणाऱ्यांचा हक्क कागदावर मान्य झाला. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तेथे जंगलात कोणी काय करावे हे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणून 'जंगल सर्वांचे' असे म्हणताना आधी त्या म्हातारीचे, मग आपले, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. पाणवठा खुला झाला म्हणजे त्यात कोणीही घाण करावी असे होत नाही. जंगलालाही हाच न्याय.

परदेशात काय आहे तेही मुलांना सांगितले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या जंगलांत साध्या मुक्कामाला पैसे पडत नाहीत. पण रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून दीडशे फूट दूर राहावे लागते. तेवढे अंतर सोडायचे नसेल, तर नेमून दिलेल्या जागीच उतरावे लागते. तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचे असेल किंवा दहा अथवा अधिक माणसे असतील तर परवाना लागतो. स्वीडनमध्ये कोणालाही रानात एखादी रात्र राहू देण्याची जुनी रीत आहे, मात्र कोणाच्या घराजवळ तंबू ठोकायचा नाही आणि कोरड्या दिवसांत विस्तवाला बंदी. म्हणजे फुकट आहे तेथेही शिस्त आहेच. पैशांच्या ऐवजी शिस्त द्यायची, हाच तो सौदा.

ही शिस्त आपल्याला नवी वाटायला नको. याच मावळ तालुक्यात कार्ले, भाजे आणि बेडसे येथे भिक्खूंच्या मुक्कामासाठी डोंगर कोरलेला आहे. पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत आणि किडामुंगी पायाखाली येते, म्हणून भिक्खू एका जागी वर्षावास करीत. हिरव्या गवतावर आणि पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा विनयाचा नियम आहे. आजारी नसताना नुसते शेकण्यासाठी विस्तव पेटवू नये, असाही एक नियम आहे. त्याचे निमित्त असे सांगितले आहे की, थंडीत काही भिक्खूंनी एक पोकळ ओंडका पेटविला, आतला सर्प तापून बाहेर आला आणि सर्वांची पळापळ झाली. आमची शेकोटी आठवली की आम्हाला हा नियम आठवतो. (लेण्यांमध्ये मात्र आज कोणी मुक्काम करू नये. ती संरक्षित स्मारके आहेत.)

जिवाची गोष्टही बोलली पाहिजे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात भटकायला गेलेली वीसहून अधिक माणसे वणव्यात सापडून मेली. ३० जून २०२४ रोजी आपल्या लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलेही होती. म्हणून पावसाळ्यात कुटुंबासह उघड्यावर मुक्काम करूच नये. डोंगरावर पाऊस झाला की खालचा कोरडा ओढा पाहता पाहता भरतो, आणि रात्री ते दिसतही नाही. होळीच्या सुमारास गवत वाळलेले असते, तेव्हा एक विडी सगळा डोंगर पेटवू शकते. मुक्कामाला खरा काळ म्हणजे दिवाळी झाल्यापासून जानेवारीपर्यंत.

मग कष्टकऱ्याने काय करावे? आमच्या अनुभवाने थोडे सांगतो.

पहिले, जागा कोणाची ते विचारावे. आंदर मावळात एकाच टेकडीला वनखात्याची, धरणाची, गावची आणि खातेदाराची अशी चार प्रकारची जमीन लागून असते. नुसते पाहून ती ओळखू येत नाही. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज करावा. माणसे किती, दिवस कोणता, जबाबदार माणूस कोण, हे लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी. परवानगी मिळेलच असे नाही. न मिळाल्यास चोरून जाऊ नये.

दुसरे, तेव्हा सरळ गावात जावे. भातकापणी झाल्यावर मावळातील कित्येक खाचरे मोकळी असतात. मालकाला विचारले तर तो एका रात्रीसाठी बहुधा नाही म्हणत नाही. जंगल तेथून हाकेवर असते, आणि तारे तर तेच असतात. जागेचे पैसे त्याने घेतले नाहीत तर जेवण त्याच्या घरून विकत घ्यावे. भाकरी आणि वालाची उसळ खाऊन पोट भरते, आणि पैसा तंबूवाल्याऐवजी त्या घरात जातो.

तिसरे, विकतचा तंबू लागत नाही. एक ताडपत्री, सुताची दोरी, खाली अंथरायला सतरंजी, पांघरायला गोधडी, दोन बॅटऱ्या आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. ओढ्याच्या पात्रात, कड्याच्या खाली आणि वाळलेल्या झाडाखाली झोपू नये. सकाळी बूट झटकून घालावेत, कारण फुरसे आणि विंचू यांनाही ऊब लागते. साप चावला तर मांत्रिक शोधू नये, चिरू नये, दोरीने करकचून बांधू नये. १०८ ला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा. तो कोठे आहे हे आधीच विचारून ठेवावे.

चौथे, शौचाला पाण्यापासून लांब जावे, खुरप्याने वीतभर खड्डा करावा आणि माती लोटावी. बायकांसाठी जुन्या चादरींचा आडोसा आधी बांधावा, मग स्वतःचे सामान सोडावे. वेफर्सची पाकिटे आणि बाटल्या पिशवीत भरून घरी आणाव्यात. दारू असेल तर कुटुंबाने जाऊच नये. आणि शेकोटी नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो, तेव्हा एका मुलाने विचारले, "मग जंगलातली फुकट रात्र आपल्या नशिबात नाहीच का?" त्याचे हे विचारणे आम्हाला लागले. खरे आहे. पैसेवाल्याला डोंगरात बंगला बांधता येतो, मधल्याला तंबू परवडतो, आणि ज्याच्याकडे फक्त ताडपत्री आहे त्याला मनाई! म्हणून आमची मागणी अशी आहे. वनखात्याने तालुक्यात निदान एक साधी जागा ग्रामसभेच्या संमतीने ठरवून द्यावी. पाण्याची आणि माणसांची मर्यादा घालावी, विस्तवाला बंदी असावी, एका पानाचा अर्ज असावा आणि पैसे नसावेत. देखरेख पाड्यावरच्या तरुणांकडे द्यावी आणि त्यांचे मानधन सरकारने द्यावे. या मागणीचा अर्ज मुलांनीच लिहिला आहे. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. पुढच्या आठवड्यात ती मुले तो नेऊन देणार आहेत.

जाता जाता एक राहिले. त्या पहिल्या मुक्कामानंतर दोन वर्षांनी आम्ही त्याच पाड्याजवळ पुन्हा गेलो. या वेळी विचारून, एका शेतकऱ्याच्या खाचरात. विस्तव नव्हता, मुले गोधड्यांत काकडत होती. अंधारातून तीच म्हातारी आली. "आज जाळ न्हाय का?" तिने विचारले. नाही म्हणालो. ती हसली. मग मुलांना आपल्या अंगणात घेऊन गेली, स्वतःच्या मोळीतली चार लाकडे काढली, आणि चूल पेटवून त्यांना जवळ बसवले.

ती चार लाकडे किती मोलाची, हे आम्हाला ठाऊक होते. मुलांनाही आम्ही ते सांगितले.