यंत्र नवे, तलफ जुनी

एकदाच वापरून फेकून द्यावयाच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटींच्या विक्रीस ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदी आली. २०२३ साली तेथे दर आठवड्याला सुमारे ५० लाख अशा सिगारेटी फेकून दिल्या जात होत्या, असा अंदाज त्यापूर्वी प्रसिद्ध झाला होता. आणि त्या प्रत्येकीच्या पोटात लिथियमची एक बॅटरी होती. तेव्हा बंदी येणार हे उघड होते. उत्पादकही स्वस्थ बसले नव्हते. बंदीची तारीख उजाडण्यापूर्वीच जवळपास त्याच आकाराची, त्याच रंगांची आणि किमतीतही फारसा फरक नसलेली, परंतु बॅटरी पुन्हा चार्ज करता येईल व द्रवाची कुपी बदलता येईल अशी उपकरणे दुकानांतून मांडली गेली. कायद्याच्या अक्षराला ती पुरेपूर उतरतात.

या घटनेकडे बहुतेकांनी कचऱ्याचा प्रश्न म्हणून पाहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीत आणखी एक प्रश्न दिसतो. जुने उपकरण बाजूस ठेवून नवे घेण्याचा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतो? वापरणारा, विकणारा, की कर बसवणारे सरकार? आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांस मनाई केलेली असल्यामुळे हा वाद परक्यांच्या घरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु व्यसनाच्या वस्तूवर कर बसवताना माप कोणते घ्यावे हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याही घरचा आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. धूर आणि तंबाखू या दोहोंवाचून चालणाऱ्या सिगारेटीचे एकस्व हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने १९६५ साली मिळवले होते. ती कल्पना बाजारापर्यंत पोचली नाही. आजचे उपकरण सिद्ध केले ते होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने, २००३ च्या सुमारास. ते स्वतः सिगारेटीच्या आहारी गेलेले होते. या उपकरणाची रचना साधी आहे. एक बॅटरी, तिच्यामुळे तापणारे तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, कापसाची वात, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व स्वादद्रव्ये यांचे मिश्रण. समईतील वात तेल शोषून घेते तशी येथे ती हा द्रव शोषून घेते, आणि कॉइल तापली की त्याची वाफ होते. जळत काहीच नाही. त्यामुळे सिगारेटीच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे दोन मोठे शत्रू येथे जवळजवळ टळतात. निकोटिन टळत नाही. ही वाफ निरुपद्रवी आहे असेही कोणी जबाबदार वैद्य म्हणत नाही.

पहिल्या उपकरणांचा आकार सिगारेटीसारखा होता, बॅटरी चिमुकली होती, आणि त्यांतून शरीराला मिळणारे निकोटिन इतके अल्प असे, की अनेकजण कंटाळून पुन्हा सिगारेटीकडे वळले. २०१० च्या आसपास जाड लेखणीच्या आकाराची, द्रव पुन्हा भरता येणारी उपकरणे आली. त्यानंतर वीजशक्ती कमीजास्त करता येणाऱ्या पेट्या आल्या. हौशी मंडळी तर कॉइलची तार स्वतःच गुंडाळीत. २०१५ साली अमेरिकेत पुन्हा एक छोटे, सुबक उपकरण आले आणि त्याने बाजाराचे वळणच बदलले. त्यातील निकोटिन क्षाराच्या रूपात होते. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळले की घशाला होणारी जळजळ कमी होते, आणि म्हणून तीव्र द्रवही सहज ओढता येतो. अमेरिकेत ही तीव्रता मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमपर्यंत गेली. युरोपीय संघाने मे २०१६ पासून २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घालून दिली होती, आणि संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनने ती कायम ठेवली.

यंत्रातील ही सुधारणा खोटी होती असे मुळीच नाही. ज्याला सिगारेट सोडावयाची आहे त्याची तलफ भागलीच नाही, तर तो सोडणार कसा? इंग्लंडमधील धूम्रपानमुक्ती केंद्रांत ८८६ व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम इत्यादी उपाय ज्यांना दिले त्यांच्यापैकी ९.९ टक्के एका वर्षानंतर सिगारेटीपासून दूर होते; इलेक्ट्रॉनिक सिगारेट दिलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. हा फरक लहान नाही. मात्र या प्रयोगातील दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. पहिला असा की इलेक्ट्रॉनिक सिगारेटीच्या साहाय्याने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षअखेरही ते उपकरण वापरीतच होते. दुसऱ्या गटात आपला उपाय चालू ठेवणारे अवघे ९ टक्के होते. आणि दुसरा तपशील असा, की प्रयोगात दिलेले उपकरण दुसऱ्या पिढीचे, द्रव भरून वापरण्याचे, साधे होते. आज एखादा दुकानदार ज्याला जुनाट म्हणून हसेल, त्याच उपकरणाने हे १८ टक्के यश मिळवले आहे.

माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी लेस्टरमध्ये हिशेबनीस आहे. दिवसाला १५ सिगारेटी ओढणाऱ्या या गृहस्थाने २०१६ साली लेखणीच्या आकाराचे असेच एक उपकरण घेतले आणि त्यानंतर सिगारेटीला स्पर्श केला नाही. मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमच्या द्रवापासून त्याने सुरुवात केली, तेथून तो १२ वर आणि पुढे ६ वर आला. मध्यंतरी त्याचे पत्र आले. त्याच्या उपकरणाला लागणाऱ्या कॉइल मिळेनाशा झाल्या होत्या. यंत्र चालू आहे, बॅटरी ठीक आहे, पण ज्या ३० पेन्सच्या आत-बाहेरच्या किमतीच्या तुकड्यावाचून ते चालत नाही, तो उत्पादकाने बनवण्याचे थांबवले. दुकानदाराने नवे, हलके, क्षाररूपी निकोटिनचे उपकरण पुढे केले, आणि ते खरोखर चांगले असल्याचे हा विद्यार्थी मोकळेपणाने लिहितो. गळत नाही, खिशात मावते, चार्ज लवकर होते.

हिशेबनीसच तो. त्याने पत्रातच आकडे मांडले होते. जुन्या उपकरणात दिवसाला ४ मिलिलिटर द्रव लागे; ६ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २४ मिलिग्रॅम निकोटिन झाले. नव्यात २ मिलिलिटर पुरतो, परंतु तो २० मिलिग्रॅमचा असल्याने बेरीज ४० वर जाते. द्रवातील सगळे निकोटिन रक्तात उतरत नाही आणि दोन्ही यंत्रांत उतरण्याचे प्रमाणही एक नसेल. तरी नऊ वर्षे ज्या जिन्याने तो खाली येत होता, त्याच्या काही पायऱ्या तो एका खरेदीत पुन्हा वर चढला, एवढे या आकड्यांवरून दिसते. सौम्य द्रवही मिळतो, पण नव्या यंत्राची शक्ती कमी असल्यामुळे त्यात तो पुरेसा लागत नाही, अशी त्याची तक्रार होती.

वस्तऱ्याचा दांडा स्वस्त आणि पाते महाग ही विक्रीची रीत वाचकांच्या परिचयाची आहे. येथे उपकरण हा दांडा, तर कॉइल, कुपी आणि द्रव ही पाती. खरा नफा पात्यांत असतो. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारे, सुटे भाग सहज मिळणारे आणि वापरणाऱ्याला हळूहळू खाली उतरू देणारे उपकरण हे ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम असले, तरी विक्रेत्याच्या दृष्टीने ते आतबट्ट्याचे असते. गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांनी १९८८ साली व्यसनाचा विवेकनिष्ठ सिद्धांत मांडला तेव्हा आजचा उपभोग उद्याची मागणी वाढवतो हे त्यांचे गृहीत होते. व्यसनी मनुष्य भविष्याचा नेमका हिशेब करतो हा त्यांचा पुढचा दावा मला कधीच पटलेला नाही. तो हिशेब उत्पादक मात्र निश्चित करतो. अल्ट्रिया या अमेरिकन तंबाखू कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूल कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२८० कोटी डॉलरांना विकत घेतला. एवढी रक्कम कोणी धातूच्या नळीसाठी मोजत नाही. ती मोजली गेली पुढील अनेक वर्षांच्या तलफेसाठी. शाळकरी मुलांत ही वस्तू फैलावल्यावर सरकार व न्यायालये जागी झाली आणि २०२२ च्या अखेरीस त्याच हिश्श्याचे मूल्य २५ कोटी डॉलरांवर आले, ही गोष्ट वेगळी.

उत्पादक आपला फायदा पाहणार हे गृहीतच धरले पाहिजे. सरकारने तरी वेगळे काही केले काय? ब्रिटिश सरकारने मार्च २०२४ च्या अर्थसंकल्पात या द्रवावर तीन टप्प्यांचा कर सुचवला होता: दर १० मिलिलिटरला निकोटिनविरहित द्रवासाठी १ पौंड, सौम्य द्रवासाठी २ आणि तीव्र द्रवासाठी ३ पौंड. पुढे सरकार बदलले. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात हे टप्पे काढून टाकून सरसकट २ पौंड २० पेन्सचा दर जाहीर झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. एकच दर वसुलीला सोपा असतो यात शंका नाही. परंतु तो कोणावर कसा पडतो ते पाहावे.

माझ्या विद्यार्थ्याच्या जुन्या यंत्राला महिन्याकाठी १२० मिलिलिटर द्रव लागे. या दराने त्याचा कर २६ पौंड ४० पेन्स होतो. नव्या यंत्राच्या ६० मिलिलिटरवर तो १३ पौंड २० पेन्स. म्हणजे दिवसाला २४ मिलिग्रॅमवर आलेल्याने ४० मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या दुप्पट कर भरावयाचा! आणि जो आणखी खाली उतरून निकोटिनविरहित द्रवापर्यंत पोचला, केवळ हाताची सवय तेवढी राहिली, त्यालाही सूट नाही. कॉइल बंद करून उत्पादकाने ज्या दिशेला ढकलले, नेमक्या त्याच दिशेला कोषागारानेही ढकलले. तीन टप्प्यांच्या आराखड्यातही ही उतरंड पुरती सरळ होत नव्हती. त्याच उदाहरणात २४ व १८ पौंड असे आकडे येतात. ती सरळ करावयाची तर कर द्रवाच्या मापावर न बसवता त्यातील निकोटिनच्या मिलिग्रॅमवर बसवावा लागेल. मिलिग्रॅमला २ पेन्स धरले, तर जुन्या यंत्रावर महिना १४ पौंड ४० पेन्स आणि नव्यावर २४ पौंड पडतील. कुपीवर तीव्रता छापण्याचे बंधन तेथे आहेच, तेव्हा मोजणीची अडचण पुढे करता येणार नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अट्टल धूम्रपान करणाऱ्याला प्रारंभी तीव्र द्रवच लागतो. तो महाग केला तर तो सिगारेटीकडे परतेल, आणि सिगारेट कितीतरी अधिक घातक. हे खरे आहे. पण त्याचे उत्तर सिगारेटीवरील करात आहे. त्याच अर्थसंकल्पात, त्याच तारखेपासून, १०० सिगारेटींमागे २ पौंड २० पेन्सची जादा वाढ योजण्यात आली, ती दोहोंतील अंतर राखण्याच्याच हेतूने. अंतर राखण्याचे साधन हाताशी असताना सौम्य द्रव वापरणाऱ्याला भुर्दंड का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

आपल्याकडे या उपकरणाचाच निषेध असल्यामुळे त्यावरील कराचा प्रश्न उद्भवत नाही. बंदी योग्य की अयोग्य हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालावर लिहिलेल्या मिलिग्रॅमवर कोणी विश्वास ठेवू नये, एवढेच येथे नमूद करतो. परंतु मापाचा घोळ आपल्या तंबाखूकरांतही आहे. आपण सिगारेटीवर कर बसवतो तो तिच्या लांबीवर, मिलिमीटरच्या हिशेबाने. विडीला तर हे मापही लागू नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत विडी ओढणारे प्रौढ ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के आढळले. विडीच्या धुरातील डांबर सिगारेटीपेक्षा कमी नसते, हे वैद्यकीय अभ्यासांनी वेळोवेळी दाखवले आहे. तथापि सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले, तर सिगारेटीसाठी ४० टक्के. विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या रोजगाराचे कारण यासाठी पुढे केले जाते. तो रोजगार खरा आहे आणि त्याची काळजी सरकारने वाहिलीच पाहिजे. परंतु मजुरीचे दर, भविष्यनिर्वाह निधी आणि पर्यायी काम ही त्याची साधने होत. करातील सवलत ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाते, वळणाऱ्या बाईच्या हाती तिचा किती अंश पडतो हे सोलापूर-अहिल्यानगरच्या कोणत्याही विडी कामगार वस्तीत जाऊन विचारावे.